कडू दाणा, यकृत आणि समुद्रशैवाल

उपवासाच्या आदल्या रात्री आई ताटात शेंगदाणे निवडत बसते. सुरकुतलेला, काळपट पडलेला, टोकाशी हिरवट-पिवळी पूड धरलेला दाणा ती बाजूला काढते आणि भाजल्यावरही एखादा कडू लागलाच, तर घास थुंकून टाकते. गेल्या महिन्यात निवडता निवडताच तिने विचारले, की समुद्रशैवालाच्या अर्काच्या गोळ्या बुरशीच्या विषापासून यकृताला वाचवतात म्हणे, त्या आणाव्यात का? आमच्या रत्नागिरीच्या कातळांवर ओहोटीला उघडे पडणारे, बारीक फुगे धरलेले तपकिरी सरगॅसम मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यामुळे हा प्रश्न मला उडवून लावता आला नाही.

हे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ॲस्परजिलस फ्लेवस आणि तिच्या जातभाई बुरशी दमट, उबदार हवेत शेंगदाणा, मका, सरकी यांवर वाढतात आणि ते तयार करतात. भाजून किंवा शिजवून ते पुरते नाहीसे होत नाही. यातला बी-१ हा प्रकार आतड्यातून यकृतात पोहोचतो, आणि खरी आफत तिथे घडते: परके पदार्थ निकामी करण्यासाठी असलेली यकृतातली विकरेच त्याचे रूपांतर अतिशय क्रियाशील अशा इपॉक्साइडमध्ये करतात. हे इपॉक्साइड डीएनएमधल्या ग्वानिन या घटकाला चिकटते. पेशीतल्या ग्लुटाथायोन या संरक्षक द्रव्याने त्याला वेळीच गाठले, तर ते निरुपद्रवी होऊन शरीराबाहेर पडते. ग्लुटाथायोन अपुरे पडले, तर पेशी मरतात, आणि वर्षानुवर्षे थोडे थोडे विष पोटात जात राहिल्यास कर्करोगाचा धोका वाढतो.

समुद्रशैवालाचा संबंध इथे येतो. तपकिरी शैवालात फ्युकॉइडन नावाची गंधकयुक्त बहुशर्करा असते, शिवाय फ्लोरोटॅनिन आणि फ्युकोझँथिन ही ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्येही असतात. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना विषाबरोबर असे अर्क दिले, तेव्हा यकृताला इजा झाल्याचे दाखवणारी एएलटी व एएसटी ही विकरे रक्तात कमी वाढली आणि ग्लुटाथायोन टिकून राहिले, असे निष्कर्ष निघाले आहेत. मला ते मोलाचे वाटतात. पण प्रयोगातल्या उंदराला मोजून दिलेला अर्क आणि दुकानातली गोळी यांच्यात फार मोठे अंतर आहे.

माणसांवरची चाचणी कशी असते, याचा नमुना चीनमधल्या चिदोंगचा आहे. यकृताच्या कर्करोगासाठी कुप्रसिद्ध असलेल्या या भागात १८० प्रौढांवर चार महिने चाचणी झाली. त्यातल्या एका गटाला रोज तीन वेळा, जेवणाआधी, १०० मिलिग्रॅम क्लोरोफिलिन देण्यात आले. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, डीएनएला चिकटलेल्या विषाची लघवीतली खूण त्या गटात ५५ टक्क्यांनी कमी आढळली. क्लोरोफिलिन हरितद्रव्यापासून बनवतात आणि ते आतड्यातच विषाला घट्ट धरून ठेवते, असे मानले जाते. मात्र खूण कमी झाल्याचे हे दिसले ते क्लोरोफिलिनबद्दल. त्याच्या आधारावर शैवालाची गोळी विकणे मला अप्रामाणिक वाटते. त्यातच शैवालात आयोडीन भरपूर असते, आणि आईला थायरॉइडची गोळी चालू आहे. तिला मी स्पष्टपणे नको म्हटले.

१९७४ साली राजस्थानातील बांसवाडा आणि गुजरातमधील पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसात भिजलेला, याच विषाची बुरशी लागलेला मका खाऊन सुमारे ४०० माणसे कावीळ आणि पोटात पाणी होऊन आजारी पडली, आणि त्यातली १०६ दगावली. बहुतेक आदिवासी घरे होती. त्या घरांतली कुत्रीही मेली. दाणा नीट वाळला असता आणि कोरडा साठवला असता, तर ही माणसे वाचली असती, हे मला विसरता येत नाही.

आईची एक सवय मात्र मला बदलावी लागली. निवडून काढलेले खराब दाणे ती शेजारच्या गाईसाठी ठेवत असे. गाईच्या पोटात गेलेले हे विष एम-१ या रूपात दुधात उतरते, म्हणून आपल्याकडे दुधात त्याची मर्यादा किलोमागे अवघी अर्धा मायक्रोग्रॅम ठेवली आहे. ते समजल्यापासून आई ते दाणे परसातल्या खड्ड्यात पुरते आणि वरून माती दाबते.