रात्री पाजल्यानंतर बाळ कुंथतं, कण्हतं, झोपू देत नाही: माझा अनुभव

पहिल्या दोन-तीन महिन्यांत रात्रीचं पाजणं एक वेळ निभतं, पण त्यानंतरचा तासभर जड जातो. बाळ डोळे मिटून पडलेलं असतं, तरी कुंथतं, कण्हतं, चेहरा लाल करून आळोखेपिळोखे देतं, मध्येच रडका सूर काढून गप्प होतं. मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो एका गोष्टीचा: आवाज आला म्हणजे बाळ उठलं असं धरायचं नाही.

नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप हलती असते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, श्वास कधी भरभर तर कधी संथ चालतो. मोठी माणसं आधी गाढ झोपेत जातात, तर बाळ आधी या हलत्या झोपेत शिरतं. त्याचा झोपेचा एक फेरा साधारण 50 ते 60 मिनिटांचा असतो. फेरा बदलताना आवाज होणारच. अशा वेळी मी आधी डोळे बघते. मिटलेले असतील आणि सूर चढत नसेल, तर हात न लावता मिनिट-दोन मिनिटं थांबते. बहुतेक वेळा बाळ आपलं आपण शांत होतं. तेवढ्यात उचललं तर ते खरंच जागं होतं, मग पुन्हा पाजलं जातं, आधीच भरलेल्या पोटात आणखी दूध जातं आणि गुळण्या वाढतात.

पाजण्याचा क्रम बदलल्यावरही बराच फरक पडतो. डायपर शेवटी बदलला तर पेंगुळलेलं बाळ जागं होतं आणि पाय वर उचलल्यामुळे दूधही वर येतं. म्हणून एका बाजूचं पिऊन झालं की डायपर बदलायचा, मग दुसऱ्या बाजूला घ्यायचं. दिवा मंद ठेवायचा, बोलायचं नाही. दोन्ही बाजूंनंतर ढेकर काढायची. पाच-सात मिनिटं थोपटूनही आली नाही तर नाद सोडायचा. अंगावर पिणारी काही बाळं फारशी हवा गिळतच नाहीत. मात्र 15 ते 20 मिनिटं खांद्याशी उभं धरायचं. तोवर झोप गाढ होते: मूठ सुटते, दंड उचलून सोडला तर लुळा पडतो, श्वास एकसारखा होतो. मग खाली ठेवताना आधी पाय, मग कुल्ले, शेवटी डोकं टेकवायचं आणि छातीवर तळहात थोडा वेळ राहू द्यायचा. एकदम पाठीवर ठेवलं की बाळ दचकून दोन्ही हात फेकतं.

कुंथण्याचं कारण दर वेळी गॅसच असतो असं नाही. शी करताना पोटाने जोर लावायचा आणि खालचा स्नायू सैल सोडायचा, हा मेळ बाळाला अजून जमलेला नसतो. म्हणून ते 10-20 मिनिटं लालबुंद होऊन कुंथतं आणि शेवटी शी मऊच होते. त्याला बद्धकोष्ठ म्हणत नाहीत. गुदद्वाराला साबणाची कांडी किंवा विड्याच्या पानाचा देठ लावू नये. ग्राइप वॉटर, गुटी, मधाचं बोटही नको. 6 महिन्यांपर्यंत फक्त दूध.

नाकाचा घुरघुर आवाज वेगळा. बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं आणि नाकपुडी इतकी अरुंद की थोडा शेंबूड वाळला तरी आवाज येतो. पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत नाकात घालायच्या सलाईन ड्रॉप्सचा एक-एक थेंब घालावा. पाजल्यावर घातला तर ठसका लागून दूध उलटतं. आंघोळीच्या वेळी नाकात तेल सोडायची पद्धत मात्र कटाक्षाने बंद करावी, तेल फुप्फुसात उतरू शकतं. ओवा-वेखंडाची धुरीही नको. धुराने नाक आणखी चोंदतं. घरातल्या आजींना हे पटवायला वेळ लागतो, पण या दोन गोष्टींवर मी अडून राहिले.

गुळण्या होतात म्हणून बाळाला पालथं झोपवू नये. डोक्याखाली राईची उशी ठेवू नये, गादी तिरकी करू नये. पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, आजूबाजूला लोड-पांघरुणं न ठेवता झोपवावं. दुपट्यात गुंडाळायचं तर कंबरेखाली पाय मोकळे हलायला हवेत. बाळ कुशीवर वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं थांबवायचं.

झोपेत श्वास 5 ते 10 सेकंद थांबून पुन्हा भरभर सुरू होणं या वयात नेहमीचं. थांबा त्याहून लांबू लागला तर डॉक्टरांना सांगावं. तो 20 सेकंदांकडे गेला, ओठ निळसर पडले, प्रत्येक श्वासाला कण्हणं येऊ लागलं, बरगड्यांखाली खड्डा पडू लागला, उलटी हिरवी झाली, बाळ पिईना किंवा ताप 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर गेला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. शांत बाळाचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजून 60 किंवा जास्त (दोन महिने पूर्ण झालेल्या बाळाचे 50 किंवा जास्त) भरले, तर पुन्हा मोजावेत. दुसऱ्यांदाही तेवढेच आले तर लगेच निघावं.

बाकी आवाजांचा मोबाईलवर मिनिटभराचा व्हिडिओ काढावा, छाती उघडी दिसेल असा. दवाखान्यात बाळ नेमकं शांत झोपलेलं असतं. 6 आणि 10 आठवड्यांच्या लसीला जाताना हा व्हिडिओ दाखवला की डॉक्टरांना वर्णनापेक्षा जास्त कळतं.