तुम्ही विचारलंत म्हणून : शतपावली टिकली कशी?

"बाई, सगळं ठाऊक असतं हो, पण आठवड्याच्या वर काही टिकत नाही. तुमचं कसं टिकलं?" जुने विद्यार्थी विचारतात, त्यांच्या आया विचारतात, शेजारच्या वहिनी तर दर महिन्याला विचारतात. विचारतात ते माझ्या रात्रीच्या शतपावलीबद्दल. तिला आता सहावं वर्ष लागलंय.

२६ वर्षं मी शाळेत जीवशास्त्र शिकवलं. स्वादुपिंड, इन्सुलिन, रक्तातली साखर, सगळं फळ्यावर आकृती काढून. तरी माझी स्वतःची एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी रक्तचाचणी) ६.२ टक्के आली. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. रिपोर्टमधला एकही शब्द मला नवा नव्हता, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग पहाटे ५ चा गजर लावला, नवे बूट आणले. ११ दिवस चालले. पहाट माझी नव्हतीच. ती पाण्याची, डब्यांची आणि सासूबाईंच्या चहाची होती.

तेव्हा वेळ काढायचा नाद सोडला आणि माझ्या हातून रोज न चुकता काय होतं ते बघितलं. ओटा पुसणं! कितीही दमले तरी ओटा पुसल्याशिवाय मी अंथरुणाला पाठ टेकत नाही, आईनं लावलेलं वळण. फडकं गॅलरीत वाळत घालते, म्हणून बूट तिथेच नेऊन ठेवले. फडकं दोरीवर, पाय बुटात. पहिला महिना तर मी फक्त सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन यायची. आता १५ मिनिटं चालते.

वेळही नेमकी साधली. जेवणानंतर साखर चढत असतानाच पाय चालले, तर मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू ती रक्तातून ओढून घेतात, इन्सुलिनवर फारसं न विसंबता. (मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला.)

आणि '२१ दिवस केलं की सवय लागते' हे गणित कृपा करून विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांचा १२ आठवडे मागोवा घेतला. सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात असं निघालं. कुणाला १८, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज. मला सर्वांत धीर दिला तो त्यातल्या एका गोष्टीनं : एखादा दिवस चुकला तरी सवयीची घडी मोडत नाही. २२ व्या दिवशी 'आपल्याला जमत नाही' म्हणून किती जणांनी सोडून दिलं असेल, या विचारानं मला आजही हळहळ वाटते.

पहिल्याच वर्षी गौरी-गणपतीत माझे ४ दिवस बुडाले. पूर्वी तिथेच सगळं संपलं असतं. पाचव्या रात्री फडकं वाळत घातलं आणि निघाले.

गेल्या महिन्यात अंगात ताप होता. ओटा पुसून गॅलरीत गेले आणि नकळत बुटांत पाय घातला. ह्यांनी हाताला धरून आत आणलं.