चौथा तुकडा

श्रावणात प्लायवूडचं काम अंगावर घेऊ नये, हे गोव्यातल्या फोंड्यात कुणीही सांगेल. आम्ही घेतलं. चवथीला सार्वजनिक गणपतीवर घुमट उभा हवा होता. ४ मीटर व्यास, ९ मिलिमीटर प्लाय, ७४ तुकडे आणि एकासारखा दुसरा नाही. खांब नाही, वासाही नाही.

आकार कॉम्प्युटरने काढला, पण नियम सँड डॉलरचा. समुद्री अर्चिन या काटेरी समुद्रजीवाचा हा चपटा भाऊबंद. त्याचं कवच चुनखडीच्या इवल्या तुकड्यांचं असतं आणि एका बिंदूत सहसा तीनच तुकडे भेटतात. दोन तुकड्यांमधला सांधा बिजागरीसारखा मुडपू बघतो, तिसरा त्याला अडवतो. श्टुटगार्ट विद्यापीठात आखिम मेंगेस आणि यान क्निपर्स यांच्या संस्थांनी २०११मध्ये याच तत्त्वावर अवघ्या ६.५ मिलिमीटर प्लायचा मंडप उभा केला होता. मग आमचे ९ म्हणजे चैनच!

दमट हवेने प्लाय फुगला होता, राउटर या लाकूड कापायच्या मशीनने काठांना पाडलेल्या खाचांत शेजारच्या तुकड्याचे दाते शिरेनात. मेस्तांनी, म्हणजे आमच्या सुतारांनी, पटाशीने एकेक दाता तासून बसवला. हे अपेक्षितच होतं.

सगळं जुळल्यावर मेस्तांनी दर्शनी काठावर तळवा टेकला. "बाय, हांगा हालता."

मी लॅपटॉप दाखवला. हिशेबात तो भाग सुरक्षित होता. त्यांनी पडद्याकडे पाहिलंही नाही, पुन्हा दाबलं. काठ खरंच कागदी डब्यासारखा आत जाऊन बाहेर आला.

मोजले तर तिथे चार तुकडे भेटत होते. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीच्या, हुकाला जागा करताना मीच दोन कोपरे ओढून एक केले होते. दिसायला सुबक! चार तुकड्यांचा कोपरा दुमडतो, हे मला पाठ होतं. पण हिशेबात सांधे पक्के जखडलेले धरले होते, त्यामुळे प्रोग्रामने चूक दाखवलीच नाही. नुसते दाते त्या दिशेला कुठे जखडून धरतात?

कोपरे पुन्हा वेगळे केले, चार तुकडे नव्याने काढले. मध्येच वीज गेली. मशीन अर्ध्या कापात थांबलं, एक तुकडा वाया. पहाटे तीनला शेवटचा बसला.

मेस्तांनी हुकाला नारळांची दोन पोती टांगली आणि काठावर पुन्हा तळवा ठेवला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"मेस्त, आता?"

"आतां घरा वच."