रेशनकार्डावरचे 'आबा'

जुलै २०२४. ऐन पावसात पहाटे तीन वाजता बाबांच्या छातीत कळ आली. तालुक्याच्या रुग्णालयात ईसीजी काढून डॉक्टर म्हणाले, "थांबू नका, कोल्हापूर गाठा." करूळ घाट कामासाठी बंद होता, म्हणून भुईबावडा घाटाने चढलो. देवगडहून चार तास. बाबा वाटभर एकच सांगत होते, "करज काडू नको हां, माका घराक व्हर."

तिथल्या खासगी हॉस्पिटलच्या काउंटरवर आधी तीस हजार अनामत मागितली. योजनेचं विचारलं तर, "कागद पूर्ण झाल्यावर बघू." भावाने आईच्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या आणि दुपारपर्यंत पैसे पाठवले.

वाद नंतर कळला. आमचं रेशनकार्ड केशरी, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आम्ही बसत होतो. पण कार्ड जुनं, हाताने लिहिलेलं. कुटुंबप्रमुखाच्या जागी निळ्या शाईत नुसतं 'आबा'. घरात, वाडीत सगळे बाबांना आबाच म्हणतात, आणि लिहिणाऱ्याने तेच उतरवलं होतं. आधारवर पूर्ण नाव. ऑनलाइनही नावं जुळेनात. त्या दोन अक्षरांवर माझ्या बापाची अँजिओप्लास्टी अडली होती.

आरोग्यमित्र म्हणजे हॉस्पिटलातला योजनेचा मदतनीस; त्या टेबलावरची मुलगी चांगली निघाली. तातडीच्या रुग्णाला आधी फोनवरून मंजुरी घेता येते, कागद मागाहून देता येतात, हे तिने सांगितलं. योजनेच्या हेल्पलाइनला, १५५३८८ ला, मी तिच्यासमोरच फोन लावला. भाऊ तहसील कचेरीत, पुरवठा शाखेत. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचा दाखला त्याने मिळवला, त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आला आणि मंजुरी झाली. स्टेंट, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी, बसला. अनामत परत मिळायला चार दिवस आणि तीन अर्ज लागले.

स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये मर्यादा आणली. औषधी लेप असलेला स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आला, त्याआधी तो लाखाच्या घरात जाई. तो निर्णय मला मनापासून पटतो. पण अनामत, गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं राहणं-जेवण, बुडालेली मजुरी यांवर मर्यादा कोण आणणार?

त्याच नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक आली. सत्ताधारी सगळ्या कुटुंबांना पाच लाखांचं कवच दिल्याचं सांगत होते, महाविकास आघाडी पंचवीस लाखांचं वचन देत होती. सभेला मी गेलो होतो. पाच की पंचवीस, यावर टाळ्या पडत होत्या. घाट चढण्यातले चार तास मात्र कोणाच्याच भाषणात नव्हते. आमच्याकडच्या माणसाने आजारी पडलं की कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळीचं सरकारी रुग्णालय. गोव्याने २०१८ पासून बाहेरच्या रुग्णांना शुल्क लावलं तेव्हा सिंधुदुर्गात केवढी ओरड झाली. गोव्याला दोष देऊन भागणार नाही, हे मला तेव्हाही वाटलं होतं. इथे डॉक्टरांची पदं भरा, ही मागणी आपल्याच सरकारकडे लावून धरायला हवी.

योजनेतली औषधं दहा दिवसांची. पुढची आम्ही जनऔषधी दुकानातून आणतो. आता मी वाडीत घरोघर जाऊन कार्ड आणि आधार शेजारी शेजारी ठेवून वाचतो. काल शेजारच्या काकींचं पाहिलं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, कार्डावर अजून माहेरचं नाव. सोमवारी आम्ही दोघं तहसीलला जातोय.