जबड्यातला ‘कट’ आवाज नेमका कुठून येतो

दोन्ही तर्जन्या कानाच्या भोकासमोर, गालाच्या बाजूला टेकवा आणि तोंड हळूहळू उघडा. बोटाखाली आधी काहीतरी जागच्या जागी फिरतं, मग पुढे-खाली घसरतं आणि मागे छोटा खळगा पडतो. घसरतं ते खालच्या जबड्याच्या हाडाचं डोकं, म्हणजे कॉन्डाइल. कोपर बिजागरीसारखं चालतं; हा सांधा आधी बिजागरी असतो आणि मग सरकता दरवाजा होतो. ढोबळमानाने पहिले 20-25 मिलिमीटर तोंड उघडतं ते मुख्यतः फिरण्यावर, पुढचं घसरण्यावर.

हे जमतं ते मधल्या चकतीमुळे. कॉन्डाइल आणि कवटीतला खळगा यांच्यामध्ये ती बसते आणि सांध्याचे वरचा-खालचा असे दोन कप्पे करते. खालच्यात फिरणं, वरच्यात घसरणं. चकती मधे जेमतेम 1 मिलिमीटर जाड, मागची कड साधारण 3. या पातळ मध्यभागात नसाही नाहीत आणि रक्तवाहिन्याही नाहीत, म्हणून तो दाब बिनतक्रार सोसतो. मागचा मऊ, लवचीक भाग मात्र दोन्हींनी भरलेला; तो चेपला की दुखतं. गंमत म्हणजे खळग्याचं छप्पर इतकं पातळ असतं की सुकी कवटी उजेडात धरली तर आरपार प्रकाश दिसतो. चावण्याचा भार छपरावर येतच नाही, पुढच्या उतारावर येतो.

चकती पुढे सरकून बसली की तोंड उघडताना कॉन्डाइल तिच्या जाड मागच्या कडेवरून उडी मारून मधे येतो. तोच ‘कट’. मिटताना ती पुन्हा निसटते, तेव्हा दुसरा, बारीक आवाज. दुखत नसेल आणि तोंड पुरतं उघडत असेल तर नुसत्या आवाजासाठी उपचार करू नयेत, असं माझं स्पष्ट मत. उलट, वर्षानुवर्षं वाजणारा जबडा अचानक गप्प झाला आणि तोंडही कमी उघडू लागलं, तर ती सुधारणा समजू नका. चकती पुढेच अडकली आणि कॉन्डाइलला वाट उरली नाही, तर नेमकं असंच होतं. मग हनुवटी उघडताना दुखऱ्या बाजूकडे वळते.

तपासणी घरच्या घरी होते: तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकावर एक उभी धरून समोरच्या दातांत बसतात का? तीन बोटं बसली तर उघडणं ठीक. बसत नसतील तर दोष सांध्याचाच असेल असं नाही. सुपारी-गुटख्याने गालाची आतली त्वचा पांढुरकी, ताठ होते तेव्हाही तोंड आखडतं, अक्कलदाढेच्या सुजेनेही. गालात आत बोट फिरवलं की ताठ पट्टे लागतात, तिथे सांध्याला शेक देऊन काय होणार?

सांधा दुखला की कान दुखल्यासारखा वाटतो, कारण दोन्हींकडे जाणारी एक नस सामायिक आहे. कान तपासून स्वच्छ निघाला तर सांध्याकडे बघा.

मोठ्या जांभईत कॉन्डाइल उतार ओलांडून पुढे गेला की जबडा निखळतो. तोंड उघडंच राहतं. चावण्याचे स्नायू आखडून जबडा वर ओढतात आणि परतीची वाट बंद करतात. म्हणून डॉक्टर अंगठ्यांना गॉज गुंडाळून ते खालच्या दाढांवर ठेवतात, जबडा आधी खाली दाबतात आणि मगच मागे ढकलतात. नुसतं मागे रेटलं तर हाड उतारावरच आपटत राहतं. घरी हा प्रयोग नको: बोट चावलं जातं, आणि मार लागून झालेलं असेल तर कॉन्डाइलची मान मोडलेली असू शकते. मूल हनुवटीवर पडलं तर जखमेच्या टाक्यांबरोबर कानासमोरही हात लावून बघायला सांगा.

साध्या दुखण्याला दोन आठवडे भाकरी, चिक्की, च्युइंगगम बंद. दिवसातून दोनदा 10-15 मिनिटं कोमट शेक. जांभईला हनुवटीखाली मूठ. आणि दिवसभर दात टेकवून ठेवू नका. ओठ मिटलेले, दातांत 2-4 मिलिमीटर फट, ही जबड्याची खरी विश्रांतीची जागा.