दगडावर उमटलेले रंग

जुन्या छापील चित्रांविषयी बोलताना आपण बहुधा त्यांच्या वयाचेच कौतुक करतो. पिवळा पडलेला कागद, विटलेला लाल रंग, आजोळच्या देवघराची आठवण हे सारे मलाही प्रिय आहे. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची शिळाछाप, म्हणजे दगडावरून छापलेली, चित्रे जितकी जवळून पाहावीत तितके मला असे वाटू लागते, की ती कोरी करकरीत असतानाही इतकीच मोहक दिसत असणार. दगडावर रंग उतरवणाऱ्या कारागिराला प्रत्येक छटेसाठी जो विचार करावा लागे, तो त्या कागदावर अजून वाचता येतो.

शिळाछापाचे तंत्र आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ च्या सुमारास म्युनिकमध्ये शोधून काढले आणि ते तेल व पाणी एकमेकांत मिसळत नाहीत एवढ्याच गोष्टीवर उभे आहे. बव्हेरियातील झोल्नहोफेनच्या खाणींतला बारीक कणांचा चुनखडीचा दगड घासून सपाट करायचा, त्यावर चरबीयुक्त खडूने किंवा शाईने उलटे चित्र काढायचे, डिंक आणि सौम्य आम्ल यांच्या मिश्रणाने ते पक्के करायचे, आणि मग दगड ओला करून त्यावरून शाईचा रूळ फिरवायचा. ओल्या जागी शाई धरत नाही, रेखाटलेल्या जागी धरते. रंगीत चित्राला मात्र प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड लागे आणि तोच कागद तितक्या वेळा यंत्रातून जाई. म्हणजे मूळ तैलचित्रातल्या साडीच्या हिरव्या रंगात पिवळा किती आणि निळा किती, गालावरच्या सावलीत लाल कुठे थांबतो आणि तपकिरी कुठे सुरू होतो, हे कारागिराने नुसत्या नजरेने ओळखून एकेका दगडावर हाताने ठिपके देत उतरवायचे. सगळे रंग एकावर एक बसल्यावर काय दिसेल, हे त्याला छापण्याआधीच डोळ्यांसमोर आणता यावे लागे.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत गिरगावात छापखाना काढला तो याच तंत्राच्या आणि जर्मन तंत्रज्ञांच्या भरवशावर. ‘शकुंतला जन्म’ हे तिथले पहिले छापील चित्र. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, फ्रित्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाने तो विकत घेतला, आणि १९७२ च्या आगीत तिथला मोठा ठेवा नष्ट झाला. दादासाहेब फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वी याच छापखान्यासाठी छपाईचे काम करत होते, हे मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे, कारण एकच चित्र हजारो घरांत पोहोचवण्याची विद्या त्यांनी आधी कागदावर आत्मसात केली होती.

माझ्याकडच्या लक्ष्मीच्या एका शिळाछाप चित्रावर भिंग धरले, की तिच्या चेहऱ्यावर सपाट गुलाबी रंग कुठेच सापडत नाही. फिकट पिवळ्या थरावर लाल ठिपके आहेत. कपाळावर ते विरळ आहेत, गालावर दाट होतात, आणि हनुवटीखाली त्यांच्यात करडे-निळे ठिपके मिसळतात. आजच्या ऑफसेट छपाईतले ठिपके ओळीत, यंत्राने आखल्यासारखे बसतात; इथले ठिपके मात्र लहानमोठे आहेत आणि चेहऱ्याच्या गोलाईबरोबर वळत जातात. साडीच्या काठावर लाल रंग केसभर बाहेर सरकला आहे, कारण कागद त्या वेळी खुणेवर अचूक बसला नव्हता. तेवढ्यामुळे काठाला एक नाजूक थरथर आली आहे आणि माझी नजर प्रत्येक वेळी तिथेच रेंगाळते.

तरीही आवडीचा प्रश्न आला तर मी पुण्याच्या चित्रशाळेची चित्रे रविवर्मांच्या चित्रांआधी निवडेन. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ मध्ये स्थापन केलेल्या आणि पुढे वासुकाका जोशी यांनी सांभाळलेल्या या छापखान्यातून रामपंचायतन निघाले, तशीच पेशवाईतल्या कर्त्या पुरुषांची चित्रेही निघाली. तैलचित्राची हुबेहूब नक्कल करण्याचा हट्ट त्यांत कमी आहे. ठसठशीत बाह्यरेषा, रंगांचे मोठे सपाट तुकडे, अगदी समोरासमोर बसवलेल्या आकृती यांमुळे ती दहा पावलांवरूनही स्पष्ट वाचता येतात. दगडाला जे सहज जमते तेच त्याच्याकडून करून घेण्याचा हा शहाणपणा आहे, आणि ज्याला आपण आज ग्राफिक डिझाइन म्हणतो त्याचे मर्म मला रविवर्मांच्या मुलायम सावल्यांपेक्षा इथे अधिक दिसते.

अक्षरांचेही तसेच आहे. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरे जुळवून केलेल्या, छपाईत देवनागरीच्या मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांची मोठी अडचण होत असे. दगडावर मात्र अक्षर काढायचेच असल्यामुळे शिरोरेखा कमानीबरोबर वाकवता येई, वेलांटी पुढच्या शब्दावरून झोकात नेता येई. सनलाइट साबण किंवा वुडवर्ड्स ग्राइप वॉटर यांच्या जुन्या दिनदर्शिकांत देवादिकांची चित्रे मालाच्या जाहिरातीसाठी वापरलेली दिसतात. साबणाचे नाव आणि देवीचे चित्र एकाच चौकटीत बसवणे हे अवघड काम आहे, आणि चौकटीच्या वेलबुट्टीने ते जिथे साधले आहे, तिथे मला त्या अनामिक मांडणीकाराविषयी मनापासून आदर वाटतो.

हल्ली नव्या चित्रांना जुने रूप देण्यासाठी संगणकावर कागदाचा पिवळेपणा आणि रंगांचे सरकणे मुद्दाम घातले जाते. त्यात काळाने केलेली झीज तेवढी उचलली जाते. पाच-सहा रंगांत सारे बसवण्याची शिस्त उचलली, तर नव्या कामालाही तो जिवंतपणा येईल.

ज्यांच्या घरी अशी चित्रे आहेत त्यांना एक विनंती आहे. जुन्या चौकटींच्या मागे लाकडी फळी असते आणि तिच्यातले आम्ल कागदात उतरून तपकिरी डाग पडतात, म्हणून ती फळी काढून आम्लविरहित पुठ्ठा घालावा. काच चित्राला चिकटू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची चौकट असावी आणि चित्रावर थेट ऊन येऊ देऊ नये. आणि ‘आता टिकेल’ अशा समजुतीने कुणीही त्यांचे लॅमिनेशन करू नये. उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक पुन्हा सुखरूप काढता येत नाही, आणि काढायला गेले तर शाईचा थरही त्याच्याबरोबर निघून येतो.