आलापल्लीची चिठ्ठी

चंद्रपूरला एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला प्रकल्प मिळाला तो कॉलेजच्या संग्रहातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जुन्या बरण्या तपासून नव्या चिठ्ठ्या लावण्याचा. जंगलात भटकायचं ठरवून बसलेली मी, पहिले चार दिवस हिरमुसलेलीच होते. पाचव्या दिवशी एका लहान बरणीत करंगळीएवढी सापसुरळी दिसली. बाहेर छापील चिठ्ठी होती, ‘मबुया कॅरिनाटा’. आत तिच्या मागच्या पायाला दोऱ्याने बांधलेला कागदाचा तुकडा होता. त्यावर पेन्सिलीने एवढंच लिहिलेलं, ‘आलापल्ली, सागवान’. शाई स्पिरिटमध्ये उतरून जाते, पेन्सिल टिकते.

कॅरिनाटा म्हणजे आपल्या अंगणात, बांधावर दिसणारी मोठी सापसुरळी. ही तिचं पिल्लू असेल, असं मी आधी धरून चालले. मॅडम म्हणाल्या, “लांबीवरून ठरवू नकोस. खवले मोज. पिल्लाचे आणि मोठीचे खवले संख्येने सारखेच असतात.”

मग सुरू झालं ते मोजणं. पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधोमध, धडाभोवती एका फेरीत किती खवले आहेत ते बघायचं. सूक्ष्मदर्शकाखाली टाचणीच्या टोकाने एकेक खवला पुढे सरकत जायचं. ओला नमुना दिव्याखाली चमकतो आणि कुठून सुरुवात केली तेच हरवतं. पहिल्यांदा 31 आले, मग 27. शेवटी पोटाच्या मध्यावर बारीक दोरा ठेवून मोजायला लागले, तेव्हा तीनदा ओळीने 28 आले. कॅरिनाटाचे साधारण 30 ते 34 असतात. पाठीच्या खवल्यांवर उभे कंगोरे असतात, तेही पाहिले. कॅरिनाटाला बहुधा तीन असतात, हिला बहुतेक खवल्यांवर पाच होते. खालच्या पापणीवर खवले होते, काही जातींच्या पापणीत असते तशी पारदर्शक खिडकी नव्हती. म्हणजे खिडकीवाल्या जातीही बाद झाल्या.

उरल्या दोन. एक मॅक्युलॅरिया, ब्लाइथ या प्राणिशास्त्रज्ञाने 1853 मध्ये नाव दिलेली, भारतात दूरवर पसरलेली. दुसरीचं नाव वाचलं आणि मी खुर्चीवरून उठलेच. अलापल्लेन्सिस! शिकागोच्या फील्ड म्युझियममध्ये काम करणाऱ्या कार्ल पॅटरसन श्मिट यांनी 1926 मध्ये ही जात वर्णन केली, ती आलापल्लीच्या जंगलातल्या नमुन्यावरून. तेव्हा तो भाग मध्य प्रांतातल्या चांदा जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा झाला तो 1982 मध्ये. ज्या गावावरून आमची अहेरीची बस जाते, ते गाव शंभर वर्षांपासून जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांच्या यादीत आहे, आणि आमच्या वर्गात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला त्याचं फार वाईट वाटलं.

नावाचा पहिला शब्द मात्र बदललेला निघाला. श्मिटने तिला मबुया म्हटलं होतं. त्या एका प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, आशिया, आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका अशा सगळीकडच्या सापसुरळ्या कोंबल्या होत्या. 2002 मध्ये डीएनएच्या आधारे त्यांची वाटणी झाली. मबुया हे नाव अमेरिकेतल्यांकडे राहिलं आणि आशियातल्यांसाठी फिट्झिंगरने 1843 मध्ये दिलेलं युट्रोपिस हे जुनं नाव पुन्हा वापरात आलं. म्हणून आता ‘युट्रोपिस अलापल्लेन्सिस (श्मिट, 1926)’ असं लिहितात. तो कंस मी आधी सजावट समजून गाळला होता. मॅडमनी लाल पेनाने परत घातला. वर्णनकर्त्याने दिलेली प्रजाती नंतर बदलली, हे तो कंस सांगतो. शेवटच्या शब्दाचं लिंगही प्रजातीप्रमाणे चालतं. श्नायडरने 1801 मध्ये पुल्लिंगी स्किंकसबरोबर लिहिलेलं कॅरिनाटस, स्त्रीलिंगी मबुयात येताच कॅरिनाटा झालं आणि युट्रोपिसमध्येही तसंच राहिलं. मराठीत विशेषण नामाप्रमाणे वळतं, तसंच हे. एवढं कळल्यावर लॅटिन नावांची भीती गेली.

खरी अडचण पुढे होती. मॅक्युलॅरिया आणि अलापल्लेन्सिस दिसायला जवळच्या, आणि माझ्याकडे नमुना एकच, रंग पूर्ण उडालेला. मला मनापासून ती अलापल्लेन्सिस हवी होती. जागा तीच, आकार तसाच. पण आलापल्लीत सापडली म्हणून ती अलापल्लेन्सिस, असं म्हणता येत नाही. एका जंगलात दोन्ही राहू शकतात. नाव ज्या मूळ नमुन्याला बांधलेलं असतं, त्याच्याशी किंवा त्याच्या नीट वर्णनाशी ताडून पाहिल्याशिवाय शिक्कामोर्तब करणं चूक ठरलं असतं. आठवडाभर मी घासाघीस केली. शेवटी प्रबंधात ‘युट्रोपिस, जात अनिश्चित’ असं लिहिलं आणि खाली सगळी मोजमापं दिली.

नवी चिठ्ठी लावताना पायाचा तो मळका तुकडा काढून टाकायला मी चिमटा उचलला होता. प्रयोगशाळेतले काका अहेरीकडचे. त्यांनी हात धरला. “राहू द्या बाई, गावाचं नाव हाय त्याच्यावर.” नावं पुन्हा बदलतील, कुठून आणली ते मात्र दुसरीकडे कुठेच लिहिलेलं नाही. मी चिमटा ठेवला, स्पिरिट बदललं आणि बरणीचं झाकण मेणाने बंद केलं.

यंदा पावसाळ्यात वनखात्याची परवानगी घेऊन आलापल्लीला जाणार आहे. तिथलं ‘वनवैभव’ हे राखलेलं जंगल 2014 पासून जैवविविधता वारसा स्थळ आहे. तिथल्या पालापाचोळ्यात ती जिवंत, रंगासकट पाहायची आहे. परवानगीच्या अर्जात प्राण्याचं नाव लिहायच्या रकान्यात मी लिहिलंय, ‘सापसुरळी, युट्रोपिस’.